नवसाची बॅटरी

लोक मुलासाठी नवस बोलतात, नोकरीसाठी बोलतात, गुडघेदुखीसाठीही बोलतात. मी एकदा बॅटरीसाठी बोलले होते! योगेश्वरीपुढे हात जोडले आणि अगदी मनापासून म्हणाले, "आई, ह्यांची विहिरीवरची डबी एका मंगळवारपासून दुसऱ्या मंगळवारपर्यंत न चुकता चालू दे. तुझी खणानारळानं ओटी भरीन. आणि तोवर चहाला तोंड लावणार नाही."

चहा सोडला मी, आणि डोकं दुखायला लागलं आमच्या ह्यांचं. स्वतः प्यायचा नाही म्हटल्यावर आधण ठेवायला माझा हातच उचलेना.

असे किस्से संपलेल्या सेलांसारखे साठतात. टाकू, टाकू म्हणून खिडकीत ठेवावेत आणि सणाच्या साफसफाईला बघावं तर डबाभर झालेले! आता डबा उघडलाच आहे, तर सांगूनच टाकते.

आमचं गाव कडा नावाच्या बाजारगावापासून आतल्या बाजूला. त्या साली पावसानं पोळ्यापर्यंत वाट बघायला लावली आणि तसाच निघून गेला. दसऱ्याच्या आधीच टँकर सुरू झाला. टँकर गावच्या विहिरीत पाणी सोडायचा, पण कधी येईल याचा नेम नाही. आला की जवळच्या बायांच्या घागरी भरायच्या आणि लांबच्यांच्या वाट्याला तळाचा गाळ.

लांबची म्हणजे सगुणा. टेकडीपलीकडच्या वस्तीवर राहायची. नवरा मेंढरं घेऊन पाण्याच्या मुलखात गेलेला. घरी ती आणि तिची म्हैस चंद्री. आमच्या महिला दूध संस्थेत सगळ्यात दाट दूध चंद्रीचं. पण सगुणा विहिरीवर पोचेपर्यंत पोहऱ्यात चिखल यायचा. एकदा मला म्हणाली, "वैनी, गुढीपाडव्यापतूर बघते. न्हाई भागलं तर चंद्रीला बाजार दाखवते. डोळ्यादेखत तहानलेली बघवत न्हाई."

तुम्ही म्हणाल, टँकर आल्यावर तिला कुणी फोन का करत नव्हतं? अहो, टँकर आला की हातात घागर असते, फोन नसतो. 'सगुणाला कळवायला पाहिजे' असं प्रत्येकीला वाटायचं, आणि दुसरीनं कळवलं असेल असंही प्रत्येकीलाच वाटायचं.

मग आमच्या ह्यांनी मनावर घेतलं. हे साखर कारखान्यात वायरमन. त्या साली ऊसच नाही, म्हणून घरी बसलेले. हात काही स्वस्थ राहीनात. कुरिअरनं सेन्सर मागवले आणि माझ्या चांगल्यातल्या प्लास्टिकच्या डब्यात बसवून एक यंत्र तयार केलं. विहिरीच्या काठावर ते पालथं टांगायचं. ते खाली आवाज सोडतं, आपल्याला ऐकू न येणारा. आवाज पाण्यावर आपटून किती लवकर परत येतो त्यावरून पाणी किती चढलं ते ओळखतं. पाणी चढलं की सगुणाच्या फोनवर मिस कॉल! तिच्या फोनची काच फुटलेली, अक्षर की आकडा काही दिसायचं नाही, पण वाजायचा खणखणीत. आणि त्यावर एरवी कुणाचा फोन यायचाच नाही. दोन घंट्या वाजून बंद झाला की समजायचं, टँकर आला.

डबी हुशार होती. तिला खायला काय घालायचं, हा सगळा घोळ!

*

पहिल्यांदा ह्यांनी त्यात चौकोनी बॅटरी घातली, नऊ व्होल्टची. दिसायला ऐटबाज! उद्घाटनाला सरूअक्का आल्या. सरूअक्का म्हणजे आमच्या दूध संस्थेच्या चेअरमन. नात्यानं माझ्या कुणी नाहीत, पण गावात सगळ्यांना रागवायचा हक्क त्यांचाच. त्यांनी डबीला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, खोबऱ्याचे तुकडे वाटले.

दुसऱ्या दिवशी टँकर आला आणि डबी मुकी! सगुणा तिकडं वस्तीवर फोन हातात घेऊन बसलेली.

हे समजावून सांगायला लागले, "या बॅटरीत जोर दिसतो, पण साठा नसतो. डबीला पाचच व्होल्ट लागतात. वरचे सगळे नुसते गरम होऊन वाया जातात."

सरूअक्कांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. तोंडातलं खोबरं गालात सरकवलं आणि म्हणाल्या, "भावजी, तुमची बॅटरी संपली व्हय? माझा परसाद अजून चालू हाय!"

*

मग पेन्सिल सेल घालायचं ठरलं. पण सरूअक्का सहकारातल्या बाई. त्या म्हणाल्या, "यकट्याचं यंत्र नगं. परत्येक सभासदानं यक सेल द्यायचा. आपला शेअर समजा!"

झालं! कुणी घड्याळातला काढून आणला, कुणी टीव्हीच्या रिमोटमधला, कुणी देवघरातल्या चिनी दिव्यातला. गोदामावशींनी आणलेला सेल तर इतका जुना होता, की त्याच्यावरचा रंग गेलेला. गोदामावशी म्हणजे आमच्या गल्लीतल्या सगळ्यात वयस्क. त्यांना नाही कसं म्हणायचं? ह्यांनी पाच व्होल्टांपुरते सेल रांगेनं जोडले, त्यात मावशींचाही. डबी जेमतेम एक दिवस चालली आणि बंद पडली.

ह्यांनी मीटर लावून एकेक सेल तपासला. म्हणाले, "बाकीचे बरे आहेत हो. पण रांगेत एक मेलेला असला की तो सगळ्यांना खाली ओढतो. एकाच पाकिटातले, एका वयाचे सेल पाहिजेत. याला काढावं लागेल."

सरूअक्कांनी कपाळाला हात लावला. "काढा बाबा, तुमाला तरी काढता येतंय! आमच्या मंडळात बी असली यक हाय. पर ती निवडून आलीया!"

*

ह्यांनी कड्याहून नवे, एकाच पाकिटातले सेल आणले. ते बसवले नेमके घटस्थापनेच्या दिवशी. डबीवर एक बारीक लाल दिवा होता. चालू आहे हे कळावं म्हणून. तो लागला आणि गोदामावशींनी हात जोडले. दुसऱ्या दिवशी त्याला फूल वाहिलेलं. तिसऱ्या दिवशी वर झेंडूची माळ!

हे डोकं धरून बसले. "अगं, पाणी आलं का हे बघायला जेवढी वीज लागते, त्याहून जास्त हा दिवा खातोय. दिवस-रात्र! याला तोडला पाहिजे."

पक्कड घेऊन विहिरीवर गेले, तर बायांनी वाट अडवली. "भावजी, नवरात्रातला अखंड दिवा हाय त्यो. घटाशी बसवलेला दिवा कुणी विझवतंय व्हय?"

"अहो, हा देवाचा दिवा नाही, एलईडी आहे!"

"मंग पयल्या दिवशीच कावून न्हाई तोडला?"

सेल तर भराभर उतरत चाललेले. तिकडं सगुणा. ह्यांनी माझ्याकडं बघितलं. व्रतवैकल्यांत आयुष्य गेलेल्या बाईचा इथं उपयोग नाही तर कुठं? मी म्हणाले, "वात बदलायची असली की आपण काय करतो? दिव्यानं दिवा लावून घेतो. मग पहिला शांत झाला तरी ज्योत अखंडच राहते."

सगळ्यांना पटलं. घरून निरांजन आणलं. सरूअक्कांनी तुपात भिजलेली वात भक्तिभावानं त्या लाल ठिपक्याला टेकवली. आता ती पेटणार कशी? पण गोदामावशींनी मागच्या बाजूनं गुपचूप काडी ओढली, आणि पेटली! "अंबाबाईचा उदो उदो!" झाला, निरांजन माझ्या देवघरात गेलं आणि ह्यांनी पक्कड चालवली.

घरी येताना मला म्हणाले, "इंजिनिअरला सुद्धा हे सुचलं नसतं."

मी म्हणाले, "सोवळं पाळायचं तर आधी डोकं चालवावं लागतं."

*

थंडीत नवीनच खेळ सुरू झाला. टँकर आला, पाणी चढलं, आणि डबी फोन लावायला गेली की मरायची! परत आपोआप सुरू व्हायची. सुरू होताना तिला दोनदा 'पिप पिप' करायची सवय. परत पाणी बघायची, परत फोन लावायला जायची, परत मरायची. टँकर रिकामा होईपर्यंत विहिरीवर नुसतं पिप पिप, पिप पिप.

"आगं बया, हिला उचकी लागली!" कुणीतरी म्हणालं.

गोदामावशी म्हणाल्या, "लागंलच की. सगुणा तिकडं वाट बघत आठवण काढत आसंल."

त्यावर आम्ही हसलो, आणि हसता-हसता सगळ्याजणींनी टेकडीकडं बघितलं.

ह्यांनी मीटर लावला तर सेल ठणठणीत. "बसल्या जागी सगळं ठीक आहे," हे म्हणाले, "पण फोन लावताना एकदम मोठा घोट लागतो. तेवढा एकदम देता येत नाही, म्हणून मान टाकते."

"माझा जावई अगदी आसाच," गोदामावशी म्हणाल्या. "बाजंवर आसंल तवा धडधाकट. 'उठा, जरा पाणी आना' म्हणलं की डोळ्यापुढं अंधारी!"

शेवटी ह्यांनी बोटाच्या पेराएवढा कपॅसिटर बसवला. आपण हंड्याशेजारी तांब्या भरून ठेवतो ना, तसं त्यात थोडं आधीच भरून ठेवायचं, म्हणजे ऐनवेळी एकदम ओतता येतं. उचकी थांबली. जावयाला काय बसवायचं, ते गोदामावशींनी ह्यांना दोनदा विचारून बघितलं.

*

तरीही सेल टिकेनात. तेव्हा ह्यांनी डबीला झोपायला शिकवलं.

सरूअक्का खवळल्या. "पहाऱ्यावर बशिवली आन झोपिवली? ह्ये कसलं काम, भावजी?"

"तसं नव्हे अक्का. ती सारखी जागी राहिली तर थकते. आता झोपायचं, मधूनच डोळा उघडायचा, पाणी बघायचं. नसलं की परत झोपायचं."

"आस्सं!" सरूअक्कांचा चेहरा उजळला. "म्हंजी माझ्या सासूवानी. घोरायची, पर भाकरी किती खाल्ल्या त्ये बरोबर ठावं आसायचं!"

झोपेचा उपाय उत्तम होता. ह्यांनी मग मोठ्या हौसेनं डबीला पॉवर बँक जोडली, मोबाइल चार्ज करायची. म्हणाले, "आता महिनाभर बघायला नको!" तासाभरात डबी बंद. पॉवर बँक भरलेली आणि डबी उपाशी! परत चालू केली, परत बंद.

ह्यांना उलगडा झाला तेव्हा कपाळावर हात मारून घेतला. डबी झोपेत इतकी कमी वीज घ्यायची, की पॉवर बँकेला वाटायचं इथं कुणी जोडलेलंच नाही. मग ती आपली आपण बंद व्हायची.

मी म्हणाले, "पाहुणा घास-घास खात बसला, आणि वाढणारीला वाटलं पंगत उठली. पातेलं घेऊन आत गेली!"

मी हसत होते, तेवढ्यात सगुणा आली. रिकामी घागर घेऊन, टेकडी उतरून. त्या दिवशीचा टँकर येऊन गेलेला. ती ओट्यावर टेकली, पदरानं तोंड पुसलं. एवढंच विचारलं, "वैनी, बाजाराला टेम्पो कुणाचा जातो?"

मी तिला पाणी दिलं. आमच्याच पिंपातलं. मग आत जाऊन देवीपुढे बसले आणि तो नवस बोलले. सगुणाला सांगितलं, "मंगळवार ते मंगळवार चालू दे म्हटलंय."

ती म्हणाली, "दादाची डबी यकदा बोलती, यकदा मरती. तिच्या भरवशावर म्हस कशी ठिवू? पर यक आठवडा जरी न चुकता वाजली, तर न्हाई विकत. तुमचा नवस त्योच माझा."

*

फाल्गुनात ह्यांनी शेवटचा उपाय काढला. जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतून लिथियमचा एक चांगला सेल वेगळा केला, त्याला चार्जिंगचं सर्किट जोडलं, आणि विहिरीच्या भिंतीवर सोलरची प्लेट बसवली. आमच्याकडं त्या साली पाणी नव्हतं, पण ऊन पाहिजे तेवढं!

दोन दिवसांत सेल रिकामा. हे टळटळीत उन्हात बघायला गेले, तर प्लेटवर ओलं पोतं! व्यवस्थित चारी बाजूंनी दगड ठेवून घातलेलं.

"कुणी टाकलं हे?"

"मीच की रं," गोदामावशी पुढं झाल्या. "कसलं करपत हुतं उन्हात! महादेवाच्या पिंडीवर सुदिक आपण चैतात गळती लावतो. ह्या लेकराला सावली नगं व्हय?"

प्यायला पाणी नाही अशा दिवसांत मावशी भांडी विसळलेलं पाणी राखून ते पोतं भिजवत होत्या. ह्यांना रागवता येईना. जवळ बसून म्हणाले, "मावशी, प्लेटला ऊन पाहिजे. पण तिच्या खालच्या सेलला मात्र सावली पाहिजे, तो तापला की बिघडतो. तुमचं पोतं बरोबर आहे, जागा तेवढी चुकली. आणि कोरडं टाका."

पोतं डबीवर आलं, प्लेट उघडी पडली. आणि काय सांगू, डबी चालायला लागली! तो मंगळवार होता. टँकर आला, सगुणाला मिस कॉल गेला, सगुणा आली. पुढच्या खेपेलाही आली. चंद्री पोहऱ्यात तोंड घालून पाणी प्याली ते आम्ही सगळ्याजणी हातातलं काम टाकून बघत होतो.

देवघरात मी दिवस मोजत होते. चहाच्या डब्याकडं मात्र बघत नव्हते.

*

दुसरा मंगळवार उजाडला. बुधवारी बाजार. सगुणानं टेम्पोवाल्याला "उद्या सकाळी सांगते" म्हणून ठेवलं होतं.

आणि आमचे हे! चालू असलेली वस्तू उघडून बघितल्याशिवाय ह्यांना चैन पडत नाही. "आठवडा चाललाय म्हणजे सेलमध्ये अजून किती शिल्लक आहे, ते बघायला नको?" म्हणत सकाळीच विहिरीवर गेले. डबी काढली, सेल काढला, दोन्ही पिशवीत टाकले. घरी येताना पारावर कुणीतरी राजकारण काढलं, आणि हे तिथंच बसले!

घागरी घेऊन जाता-येता सगळ्या बायांनी ह्यांना बघितलं. पिशवीतून बाहेर आलेली वायरही बघितली.

आणि टँकर आला.

त्या दिवशी विहिरीवर गर्दी म्हणून नव्हतीच. घागरी रांगेत आणि बाया भलतीकडंच. एक लिंबामागं, एक टँकरच्या पलीकडं, एक पदर पुढं ओढून भिंतीकडं तोंड करून उभी. मीही घागर खाली ठेवून जरा आडोशाला गेले, तर तिथं सरूअक्का आधीच होत्या! आम्ही एकमेकींकडं बघितलंसुद्धा नाही.

पाणी पडायचं थांबलं तेवढ्यात टेकडीवरून धुरळा उठला. पुढं सगुणा, मागं चंद्री, दोघी पळत! विहिरीशी येऊन सगुणा धापा टाकत म्हणाली, "आगं बया बया! आज डबीला झालं तरी काय? दोन घंट्या, बंद. दोन घंट्या, बंद. म्या कासरा सोडते तवर वाजली, टेकडी चढले तवर वाजली, उतरले तरी वाजतच! म्हणलं पळावं, न्हाईतर तिचा जीव जायाचा!"

तेवढ्यात हे आले, पिशवी सावरत. सगुणाचं बोलणं ऐकून जागच्या जागी थांबले. पिशवीत हात घातला. एका हातात डबी, दुसऱ्या हातात सेल. डबी पालथी करून बघितली, कानाशी धरून बघितली.

"पण ही तर..."

"भावजी," सरूअक्का म्हणाल्या, "तोंड मिटा आन पोहरा धरा. म्हस तहानलीया."

ह्यांनी डबी-सेल भिंतीवर ठेवले आणि पोहरा धरला. चंद्री पोटभर प्याली. सगुणानं तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि भिंतीवरच्या सेलकडं बघून ह्यांना म्हणाली, "दादा, लई गुणाचा निघाला. ह्यो आता बदलू नगा!"

टेम्पोवाला बुधवारी रिकामा गेला. मी घरी येऊन आधण ठेवलं, दोघांचं, आणि संध्याकाळी देवीची ओटी भरली.

तुमच्याही गावात टँकर येत असेल, आणि टेकडीपलीकडं कुणी ना कुणी राहत असेलच. माझं एवढं ऐका. उद्या घागर लावायच्या आधी जरा आडोशाला जा. दोनच घंट्या वाजू द्या, आणि बंद करा.